पाठीवरचे आकडे

लष्करी घड्याळाची तबकडी फारसं बोलत नाही. बोलते ती त्याची पाठ. माझ्याकडच्या एका अमेरिकी मनगटी घड्याळाच्या पाठीवर बारीक अक्षरांत पाच-सहा ओळी कोरलेल्या आहेत. प्रकार ए-११. स्पेसिफिकेशन क्रमांक ९४-२७८३४. मग 'एएफ-४३' असा सुरू होणारा अनुक्रमांक, कारखान्याचा क्रमांक, खरेदीच्या हुकुमाचा क्रमांक, आणि शेवटी कारखान्याचं नाव: एल्जिन. 'एएफ' म्हणजे विमानदल आणि ४३ म्हणजे १९४३ साल. एवढ्या ओळींत ज्या मनगटावर ते बांधलं गेलं त्या माणसाविषयी एक अक्षर नाही.

असं कोरीव लेखन वाचायची सवय मला घड्याळांनी लावलेली नाही. मी कुंभकोणमचा. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या राज्याबरोबर सतराव्या शतकाच्या अखेरीस कावेरीकाठी आले. तंजावरचं राज्य १८५५ साली कंपनी सरकारनं संपवलं, आणि आमच्यासारखी घरं इथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. पण ते आमच्यातले मोठे. बाकीचे आम्ही कारकून, मास्तर, वकील. घरात मराठी, दारात तमिळ, नोकरीत इंग्रजी. इथले लोक आम्हाला 'राव' नाहीतर 'रायर' म्हणतात, आणि आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. छापील मराठी मी पुस्तकांतून शिकलो.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी तंजावरला सरस्वती महालात मोडी कागद वाचायला जात असे. पगार, खर्च, देवळांच्या नेमणुका, असले हिशेबी कागद. परतताना बृहदीश्वराच्या आवारात शिरायचं आणि सरफोजीराजांनी १८०३ साली भिंतीवर कोरून घेतलेला भोसल्यांचा वंशवृत्तांत चार ओळी तरी वाचायचा, असा परिपाठ होता. त्याच देवळाच्या जोत्यावर राजराज चोळानं देवाला दिलेल्या दागिन्यांची यादी आहे. कशात किती मोती, किती वजन, सगळं. राजसत्तेला वस्तूवर आणि दगडावर लिहून ठेवायची हौस फार जुनी. पण दागिन्यांच्या यादीत देणाऱ्याचं नाव असतं. मोडी हिशेबात पगार घेणाऱ्याचंही असतं. एल्जिनच्या पाठीवर माल आहे आणि मालाची खरेदी आहे. माणूस गाळलेला आहे. मला या घड्याळांचा नाद लागला तो या गाळलेल्या जागेमुळे.

कुंभेश्वराच्या देवळापासून जवळच एका घड्याळजींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, एक टेबल, एक मान वळवता येणारा दिवा. त्यांचे वडीलही इथेच बसत. ते मला 'राव सार' म्हणतात, मी त्यांना भाई म्हणतो. दुकानातल्या खालच्या खणात वडिलांच्या वेळची न नेलेली, न जुळलेली, सुटे भाग काढून घेतलेली घड्याळं आहेत. त्या खणातून मला पहिलं एल्जिन मिळालं. पुढे वॉलथॅम, हॅमिल्टन अशी काही मद्रासहून, मुंबईहून, एक-दोन हैदराबादहून आली. आज माझ्याकडे सात आहेत. संग्राहकांच्या हिशेबात सात म्हणजे काहीच नाही. पण सातांचीच चौकशी करायला मला नऊ वर्षं पुरली नाहीत.

ए-११ हा नमुना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या विमानदलासाठी ठरवला गेला. काळी तबकडी, पांढरे आकडे, मधोमध सेकंदकाटा. एल्जिन, वॉलथॅम आणि ब्युलोव्हा या कारखान्यांनी तो केला. दिसायला अगदी साधं घड्याळ. त्यातली महत्त्वाची अट बाहेरून दिसत नाही: किल्ली ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबला पाहिजे. उड्डाणाआधी सगळ्यांनी काटे ठरलेल्या सेकंदावर आणून थांबवायचे, आणि अधिकाऱ्यानं इशारा देताच एकदम किल्ल्या दाबायच्या. खोलीतली वीस-पंचवीस मनगटं एका क्षणी चालू लागतात. संग्राहकांच्या बाजारात याला 'महायुद्ध जिंकणारं घड्याळ' म्हणतात. हे म्हणणं विकणाऱ्यांच्या सोयीचं आहे. पण पंचवीस माणसांचा सेकंद एक करण्याचं महत्त्व ज्यानं ती अट लिहिली त्याला नक्की कळलेलं होतं.

विमानातल्या दिशादर्शकाकडे याहून मोठं, खिशातल्या आकाराचं घड्याळ असे. हॅमिल्टनचं ४९९२बी हे त्यातलं नावाजलेलं: बावीस रत्नांचं मशीन, चोवीस तासांची काळी तबकडी, ग्रिनिचच्या वेळेवर लावलेलं. रात्री समुद्रावरून जाताना ताऱ्यांची उंची मोजायची आणि त्या क्षणाची वेळ टिपायची, यावरून आपण कुठे आहोत ते काढायचं. इथे चूक महाग पडते. पृथ्वी चार सेकंदांत एक कला फिरते, आणि विषुववृत्तावर एक कला म्हणजे एक सागरी मैल. घड्याळ चार सेकंद चुकलं की विमान नकाशावर एक मैल बाजूला सरकलं.

हा हिशेब वाचला तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो, कारण तो मला ओळखीचा होता. सूर्यसिद्धान्तात कालमापनाचं एक एकक 'प्राण' आहे. प्राण म्हणजे एक श्वास, दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागणारा वेळ. सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची एक घटका, साठ घटकांची अहोरात्र. गुणाकार केला तर अहोरात्रीचे २१,६०० प्राण होतात, आणि वर्तुळाच्या कलाही तेवढ्याच: २१,६००. म्हणजे एका श्वासात आकाश एक कला सरकतं. प्राण म्हणजे जवळजवळ चार सेकंद. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या कारखान्यात ज्या चार सेकंदांसाठी एवढी धडपड चालली होती, ते माझ्या आजोबांच्या पंचांगात श्वासाच्या नावानं होते. यात 'आमच्याकडे सगळं आधीच होतं' असं मी म्हणत नाही. श्वासाचं माप होतं. तो मनगटावर बांधून हिमालय ओलांडता येईल असं यंत्र नव्हतं.

घड्याळ आणि रेखांश यांची जोडी आमच्या भागाला नवी नाही. कंपनी सरकारची मद्रासची वेधशाळा १७९२ साली बांधून झाली ती मुख्यतः जहाजांसाठी आणि मोजणीसाठी. तिच्या रेखांशावरून मद्रासची वेळ ठरली, ग्रिनिचच्या पाच तास एकवीस मिनिटं पुढे, आणि पुढे बरीच वर्षं ती भारतातल्या रेल्वेची वेळ होती. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. कुंभकोणमला सूर्य या प्रमाणवेळेच्या बारा-साडेबारा मिनिटं मागे असतो. देवळातली दुपार आणि स्टेशनातली दुपार यांत तेवढं अंतर लोकांनी पचवलं. मग युद्ध आलं, आणि १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारनं सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे नेली. १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती तशीच राहिली. त्या तीन वर्षांत आमच्या गावात सूर्य डोक्यावर यायचा तेव्हा सरकारी घड्याळात सव्वा वाजत आलेला असायचा. युद्ध पाहिलेलं नसलेल्या गावांतही त्यानं असा एक तास घुसवून ठेवला होता.

अमेरिकी घड्याळांचा इतिहास शोधताना शस्त्रांचा कारखाना पुन्हा पुन्हा आडवा येतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सरकारी बंदुकांच्या कारखान्यांत एका बंदुकीचा भाग दुसरीला बसावा ही कल्पना रुजली. १८५० च्या सुमारास अ‍ॅरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी मॅसॅच्युसेट्समध्ये तीच कल्पना घड्याळांना लावायचं ठरवलं. त्यातून पुढे वॉलथॅमचा कारखाना उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा घड्याळ म्हणजे घरोघरी बसलेल्या कारागिरांची जोडाजोड. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकी यंत्रं पाहून स्विस प्रतिनिधी हादरून घरी गेले. म्हणजे बंदुकीकडून घड्याळाकडे गेलेली शिकवण महायुद्धात परत सैन्याच्या कामी आली.

आणि तिनंच या कारखान्यांचा घात केला, असं माझं मत आहे. १९४२ पासून एल्जिन, हॅमिल्टन, वॉलथॅम लष्करी कामाला जुंपले गेले. मनगटी घड्याळं, जहाजांची कालमापकं, तोफगोळ्यांचे वेळ लावणारे फ्यूज. नागरी गिऱ्हाईक दुकानात गेलं की त्याला स्विस घड्याळ मिळायचं, कारण स्वित्झर्लंड तटस्थ होतं. युद्ध संपलं तेव्हा गिऱ्हाइकाला स्विस घड्याळाची सवय झालेली होती. वॉलथॅमनं १९४९ मध्ये दिवाळं जाहीर केलं. एल्जिनच्या मूळ कारखान्याचा प्रसिद्ध घड्याळ-मनोरा १९६६ मध्ये पाडला. हॅमिल्टननं १९६९ मध्ये अमेरिकेतलं उत्पादन बंद केलं. आज हॅमिल्टन हे नाव स्विस मालकीचं आहे. कारणं आणखीही होती, पण विजयी देशाच्या लष्करानं आपलेच घड्याळ-कारखाने बाजारातून उठवायला हातभार लावला, ही गोष्ट अभिमानानं घड्याळ मिरवणाऱ्या संग्राहकांच्या तोंडून मी क्वचितच ऐकली.

ही घड्याळं भारतात कशी आली? मुख्य वाट चीन-ब्रह्मदेश-भारत या आघाडीची. आसामातून हिमालयाचे पूर्वेकडचे डोंगर ओलांडून चीनला सामान नेणारी विमानं, लेडोपासून काढलेला रस्ता, १९४४ मध्ये खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवर उतरलेली बी-२९ विमानं, कराचीचं बंदर. दक्षिणेत अमेरिकी सैनिक विरळा. पण ए-११ घड्याळं उसनवारीच्या कराराखाली ब्रिटिश विमानदलालाही मिळाली. त्यांच्या पाठीवर ६बी/२३४ असा ब्रिटिश खात्याचा आकडा सापडतो. माझ्या सातांत तसं एक आहे. त्यावर अमेरिकी कारखाना आणि ब्रिटिश भांडारखातं शेजारीशेजारी बसले आहेत, आणि चालवलं ते मुंबईच्या नाहीतर मद्रासच्या घड्याळजींनी.

युद्ध संपल्यावर अमेरिकेनं इथं साठलेला माल परत नेण्याच्या भानगडीत न पडता विकायला काढला. उसनवारीचा आणि या उरलेल्या मालाचा हिशेब मे १९४६ च्या करारानं मिटला. जीपगाड्या, तंबू, ब्लँकेटं, पॅराशूटचं कापड हे सगळं लिलावांतून बाजारात आलं. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या पिढीच्या मराठी आणि तमिळ दोन्ही घरांत होता. घड्याळं काही लिलावातून आली असतील, काही सैनिकांनी घरी जाताना विकली असतील. मुंबईत चोरबाजार आणि मद्रासमध्ये मूर मार्केट ही त्यांची ठिकाणं. मूर मार्केट १९८५ मध्ये जळालं. आता तिथे रेल्वेची इमारत आहे आणि त्या बाजाराचं नाव लोकांच्या तोंडी उरलं आहे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. परदेशी मनगटी घड्याळ चोरवाटेनं किंवा नातेवाइकांच्या मेहेरबानीनं मिळायचं. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं एचएमटीचा घड्याळ-कारखाना निघाला तरी मागणी पुरी होईना. घड्याळासाठी ओळख काढावी लागे. अशा काळात पंधरा-वीस वर्षांचं अमेरिकी घड्याळ फेकणं कुणाला परवडणार? ते चालू ठेवलं गेलं. इथे सुट्या भागांची ती बंदूक-कारखान्याची शिकवण कुंभकोणमच्या टेबलावर कामी आली. एका एल्जिनचा बॅलन्स दुसऱ्याला बसतो. भाईंच्या वडिलांच्या खणातलं प्रत्येक मोडकं घड्याळ कुठल्या तरी चालत्या घड्याळाचं दाता होतं.

आता संशोधनाविषयी. मशीनवर एक क्रमांक असतो. एल्जिन आणि वॉलथॅमच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत, त्यांवरून मशीन कोणत्या वर्षी तयार झालं ते सांगता येतं. पाठीवरचा आकडा दुसरं वर्ष सांगतो. दोन्ही जुळली तर संग्राहकाला आनंद होतो आणि किंमत वाढते. माझ्या सातांपैकी तीनच जुळतात. पण न जुळणं म्हणजे फसवणूक असं धरून चालत नाही. अमेरिकी युद्धखात्यानं १९४५ मध्ये घड्याळदुरुस्तीची एक पुस्तिका काढली, टीएम ९-१५७५. ती वाचली की कळतं, लष्कराच्या दुरुस्तीत घड्याळ म्हणजे भागांचा संच होता. खराब भाग काढायचा, साठ्यातला घालायचा, चाचणी घ्यायची, पुढे पाठवायचं. घड्याळाचं एकपण कुणाच्या ध्यानातही नव्हतं. ते आपण नंतर आणलं, किमतीसाठी.

सैनिकाचं नाव शोधायची हौस प्रत्येक संग्राहकाला असते. मलाही होती. घड्याळ सरकारी, वापरून परत करायचं. कुणाला दिलं याची नोंद तुकडीच्या भांडाराच्या कागदांत, आणि असले कागद जपायचं कारण कुणालाच नव्हतं. सैनिकांच्या वैयक्तिक फायलींकडून उलट वाटेनं यावं म्हटलं तर १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला लागलेली आग आडवी येते. तिच्यात एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलातल्या बहुसंख्य माणसांच्या. विमानदल तेव्हा भूदलाचाच भाग होतं, म्हणून त्यातल्याही पुष्कळांच्या. तंजावरचे मोडी कागद वाळवीनं खाल्ले तरी कडेकडेनं नावं उरतात. तिथे नुसती राख.

ही जागा रिकामी आहे म्हणून ती भरणारे पुष्कळ आहेत. 'हिमालयावरून उडणाऱ्या वैमानिकाचं घड्याळ' असं सांगून मला मुंबईत एक वॉलथॅम दाखवलं गेलं. विकणाऱ्याकडे पुरावा म्हणून त्याचा स्वतःचा आवाज होता. गोष्टीची किंमत घड्याळाच्या दुप्पट. घड्याळ चांगलं होतं. गोष्टीशिवाय देत असाल तर घेतो, म्हटलं. त्यानं गोष्ट ठेवून घेतली आणि घड्याळही.

खरी नोंद कुठे सापडते ते मला भाईंनी दाखवलं. पाठ उघडून त्यांनी झाकणाची आतली बाजू दिव्याखाली तिरपी धरली. भिंगातून पाहिलं तर सुईनं ओरखडलेल्या बारीक खुणा: आकडे, एखादं आद्याक्षर, तारीख. घड्याळजी दुरुस्तीला आलेल्या घड्याळावर आपली खूण करून ठेवतो, म्हणजे तेच घड्याळ परत आलं तर कळावं. माझ्या एल्जिनच्या आत अशा अकरा खुणा आहेत. त्यांतल्या दोन इंग्रजी, चार नुसते आकडे, एक गुजराती अंक वाटतो, तीन तमिळ आणि एक देवनागरी 'ग'. सगळ्यात स्पष्ट तारीख १९५८ ची आहे. तमिळ खुणांपैकी एक पाहून भाई म्हणाले, "ही अप्पांची." आणि झाकण हातात धरून जरा वेळ बसले.

तेव्हापासून माझा शोध उलट्या दिशेनं वळला. १९४३ ते ४६ ही तीन वर्षं बाहेरच्या बाजूला कोरली आहेत आणि तिथे माणूस नाही. पुढची सत्तर वर्षं आतल्या बाजूला खरडली आहेत आणि तिथे निदान अकरा हात आहेत.

त्या हातांनी घड्याळाला काय केलं ते संग्राहकांना आवडत नाही. माझ्या एल्जिनची तबकडी कधीतरी नव्यानं रंगवलेली आहे. ए-११ ची मूळ तबकडी साधारणपणे बिननावाची आणि न चमकणारी असे. माझ्यावर वळणदार अक्षरांत 'एल्जिन' आहे, तासांवर हिरवट चमकीचे ठिपके आहेत, आणि खाली '१७ ज्युवेल्स' असं लिहिलं आहे. आतल्या मशीनवर कोरलेला आकडा त्याहून कमी. अशा घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि हे शब्द नाक मुरडून उच्चारले जातात. नवं म्हणून जुनं गळ्यात मारणारे मुंबईत आहेत, ते मी नाकारत नाही. पण १९५८ च्या आसपास कुणा शाळामास्तरानं किंवा रेल्वेच्या कारकुनानं काळवंडलेली तबकडी रंगवून घेतली, जावयाला द्यायचं म्हणून वर नाव घालून घेतलं, दोन रत्नं जास्त लिहून घेतली, तर तो कुणाला फसवत होता? तेव्हा या घड्याळाला संग्राहक नव्हतेच. वापरणारे होते. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकानं मला बाहेरून मूळ तबकडी आणवून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. ती बसवली तर घड्याळ १९४३ चं दिसेल, आणि कुंभकोणमचं उरणार नाही.

तबकडी रंगवण्याची मात्र दुसरी एक बाजू आहे आणि तिथे मला हात जोडून प्रेम दाखवता येत नाही. ए-११ न चमकणारं असलं तरी अमेरिकी लष्कराच्या ऑर्डनन्स खात्याची पुष्कळ मनगटी घड्याळं अंधारात दिसावीत म्हणून रेडियमच्या रंगानं रंगवलेली असत. हा रंग लावणाऱ्या मुलींची कहाणी अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेली. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात आणि इलिनॉयमधल्या ओटावात त्या ओठांनी कुंचल्याला टोक काढत, आणि रेडियम हाडांत जाऊन बसे. न्यू जर्सीतल्या दाव्यात १९२८ साली तडजोड झाली, इलिनॉयमधली कॅथरीन डोनह्यू १९३८ मध्ये मरणपंथाला लागलेली असताना साक्ष देत होती. त्यानंतर १९४१ मध्ये तिथे कामगारांच्या शरीरात किती रेडियम चालेल याची मर्यादा ठरली. म्हणजे ही युद्धकाळातली घड्याळं रंगवणाऱ्या मुलींना धोका सांगितलेला होता.

इथे खरवडणाऱ्यांना कुणी सांगितलं? तबकडी नव्यानं रंगवायची तर जुना रंग आधी काढावा लागतो. सुरी किंवा ब्लेडनं खरवडायचा, आणि भुकटी फुंकून उडवायची. चमक देणारं जस्ताचं संयुग काही वर्षांत थकतं, म्हणून जुनी तबकडी अंधारात दिसत नाही आणि माणूस समजतो, रेडियम संपलं. रेडियमचं अर्धआयुष्य सोळाशे वर्षांचं. बंद काचेच्या आत ते फारसं काही करत नाही. उघडलं, खरवडलं, श्वासात गेलं की करतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तीस जुन्या रेडियमच्या घड्याळांचा एक संग्रह खोलीत ठेवून मोजमाप केलं, तर नुसत्या बंद घड्याळांतून निघणाऱ्या रेडॉन वायूचं प्रमाणही सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी वर गेलं. मी माझी दोन रेडियमची घड्याळं झोपायच्या खोलीतून काढली आणि भाईंना सांगायला गेलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अप्पा पण फुंकायचे. मी पण. आता काय?"

मी म्हटलं, आता तरी फुंकू नका; ओल्या फडक्यानं टिपा, हात धुवा, आणि रेडियमची तबकडी कुणी रंगवायला आणली तर परत करा.

"परत केली तर तो दुसरीकडे जाईल, राव सार. तिथला पोरगा फुंकेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळांच्या इतिहासावर लिहिणारे आम्ही लोक पाठीवरच्या एका आकड्यावर दहा पानं लिहितो. पण मुंबईच्या आणि मद्रासच्या गल्ल्यांत किती टेबलांवर किती वर्षं ही भुकटी उडाली यावर कुणी एक पान लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. ती माणसं कुठल्याही कारखान्याच्या पटावर नव्हती, त्यांनी दावा लावायचा तर कुणावर?

काही दिवसांनी भाईंनी मला एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दिला. वडिलांनी काढून ठेवलेले काटे, रंग सोललेल्या तबकड्या, दोन-चार अलार्म घड्याळांचे चेहरे. कधी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले. "तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही ठेवा," म्हणाले. मी तो न उघडता जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी लावली आणि गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत, जिथे कुणी बसत-उठत नाही, तिथे ठेवला. तो कायमचा कुणाकडे सोपवायचा याची चौकशी चालू आहे.

मद्रासच्या वेधशाळेत एक दगडी स्तंभ आहे. त्यावर लॅटिन, तमिळ, तेलुगू अशा भाषांतून लेख कोरले आहेत. हजार वर्षांनंतरच्या लोकांनाही इथे काय झालं ते कळावं, असा कोरणाऱ्यांचा हेतू होता. तो स्तंभ अजून नुंगम्बाक्कमला उभा आहे. माझ्या डब्यावर मी तमिळ, मराठी आणि इंग्रजीत लिहिलं आहे: उघडू नका, आत रेडियम आहे. मार्करची शाई आहे, आमच्या गच्चीवरच्या दमटपणात ती एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. दर वर्षी कार्तिकात पाऊस ओसरला की मी वर जाऊन तिन्ही ओळी पुन्हा गिरवतो. गेल्या वर्षी नातवाला बरोबर नेलं आणि तमिळ ओळ त्याच्याकडून लिहून घेतली.